भिवाजी गुरुजींची पावसाळ्यातली पत्रं

१

भिवाजी गुरुजींना जाऊन वर्ष झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी भर मांडवात त्यांना चोर ठरवलं गेलं. मेलेल्या माणसाला चोर म्हणणं सोपं असतं. तो उठून मुस्कटात देत नाही.

तलमडुगुच्या शाळेसमोर नवं वाचनालय बांधून तयार होतं. दारावरची पाटी कापडानं झाकलेली होती आणि पाटीवर गुरुजींचं नाव होतं. गुरुजींनी तेलंगणाच्या या सीमेवरच्या गावांत सदतीस वर्षं मराठी शिकवली आणि उभ्या आयुष्यात एकच कवितासंग्रह काढला, 'पऱ्हाटीची आग'. पण तो असा की कापूस वेचणाऱ्या बायासुद्धा त्यातल्या ओळी म्हणतात. साहित्य मंडळाचे अध्यक्ष सुधाकरराव पाटीवरचं कापड ओढायला उठले, आणि कापड राहू देऊन त्यांनी खिशातून एक पिवळट कागद काढला.

"हे पत्र मले मागच्या हप्त्यात टपालानं आलं," ते माइकवर म्हणाले. "गुरुजीच्या हातचं. भैंसा गावच्या सुनयनाबाईले लिहिलेलं. तुमीच आयका."

आणि त्यांनी वाचलं: "'गेले चार दिवस देवाजीची वही वाचतो आहे. माझ्या सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे. पोरगं गेलं, पण कविता ठेवून गेलं. यातल्या वीसेक माझ्या नावानं छापल्या तर कोण विचारणार आहे? वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.'"

देवाजी म्हणजे सुधाकररावांचा धाकटा भाऊ. कविता करायचा. चोविसाव्या वर्षी साप चावून गेला, आणि पुढच्याच वर्षी गुरुजींचा संग्रह निघाला. मांडवातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात ही दोन वर्षं एकापुढं एक ठेवली. मग सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींच्या बायकोकडे, रुख्मिणीकडे वळल्या. एका दगडात दोन घाव होते. नवरा चोर निघाला होता, आणि परक्या बाईला चोरून पत्रं लिहीत होता.

रुख्मिणी उठली. लेकीला, दीक्षाला, "चाल" एवढंच म्हणाली आणि मांडवाच्या मधोमध चालत बाहेर पडली. मागून कुणीतरी कळवळ्यानं म्हणालं, "बिचारी! अंगठेवाली बाई, तिले काय समजते त्याच्यातलं."

दीक्षानं ते ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं हे पत्र धाडलं त्याचं नुसतं नाव कळून तिचं भागणार नव्हतं. तो माणूस तिला याच मांडवात, याच लोकांपुढं, मान खाली घालून उभा पाहिजे होता. तोवर अन्न गोड लागणार नाही हे तिला घरी पोचायच्या आत कळून चुकलं होतं.

पण एक गोष्ट तिनं मायलाही सांगितली नाही. उठताना तिची नजर सुधाकररावांच्या हातातल्या कागदावर पडली होती, आणि अक्षर बाबांचंच होतं.

२

दीक्षा तहसील कचेरीत कारकून. खाडाखोड केलेला जमिनीच्या पहाणीचा उतारा आणि मागच्या तारखेची दरखास्त ती नुसत्या वासावरून ओळखते, असं तिचे वरिष्ठ म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती सुधाकररावांच्या कापसाच्या गोदामावर गेली आणि म्हणाली, "मूळ कागद दाखवा."

सुधाकररावांनी आढेवेढे घेतले नाहीत. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं! "पाह्य पोरी. तुले एका दिवसाचं दुःख हाय. मी तीस वर्सं जळून राह्यलो."

"देवाजीची वही बाबांकडे होती हे तुमाले कोनी सांगतलं?"

"कोनी सांगाले पाहिजे? तो त्यायच्याच मागं-मागं फिरे. तो गेला तवा मी हैद्राबादले नोकरीवर. चौथ्या दिवशी आलो, तर घरात वही नाही. मायले विचारलं तर ती नुसती रडे. मेली तरी बोलली नाही." त्यांचा आवाज एकदम उतरला. "त्याची एक ओळ बी नाही माह्यापाशी."

दीक्षाला त्या क्षणी त्यांची कीव आली आणि त्याचा तिला रागही आला. तिनं कागद उजेडात धरला. शाळेच्या जुन्या रेघी वहीचं पान. असं पान कुठल्याही मराठी शाळेच्या कपाटात सापडेल. अक्षर बाबांचं, उभट, रेघेवर नीट बसलेलं. वर तारीख, ३ सप्टेंबर १९९६. पाकिटावर आदिलाबादचा शिक्का, पाठवणाऱ्याचं नाव नाही.

"तुमच्यापाशी बाबांची दुसरी पत्रं हायेत?"

"मले काऊन लिहितीन? आमचं बोलणंच नव्हतं."

ते खरं होतं. अक्षराची नक्कल करायला समोर नमुना लागतो आणि सुधाकररावांकडे तो नव्हता. दीक्षानं पत्राचा फोटो घेतला, कचेरीत येऊन कागदावर छापला आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

तिला डाचत होती ती 'माझ्या सवयीप्रमाणे'वाली ओळ. बाबा पुस्तक उलटं, शेवटून वाचतात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण तिनं काय पाहिलं होतं? बाबा भिंतीला पाठ लावून वाचायचे आणि प्रत्येक पुस्तकाला तेलुगू पेपरचं कव्हर घालायचे. आत काय आहे आणि कुठलं पान उघडलंय, ते कुणालाच दिसायचं नाही. म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. पत्र लिहिणाऱ्याला तिच्या बाबांबद्दल तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नाहीतर पत्र खरं होतं.

३

गुरुजींची पत्रं सुनयनाबाईंखेरीज आणखी एकाच माणसानं हाताळली होती. तो म्हणजे राजकुमार. बाजारहत्नूरचा, चांगल्या शेतकरी घरातला, आदिलाबादच्या मराठी शाळेत शिक्षक. गुरुजींचा पट्टशिष्य, निदान तो स्वतःला तसं म्हणवून घ्यायचा. गुरुजींचा स्मृतिग्रंथ त्याच्याकडेच संपादनाला होता आणि त्यासाठी त्यानं बाईंकडून पत्रं आणली होती.

शाळेच्या व्हरांड्यात त्यानं दीक्षाला खुर्ची दिली, चहा मागवला, डोळे पुसले. "ताई, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी तुमच्या ओट्यावर बसून कविता शिकलो."

ते मात्र अक्षरशः खरं होतं. पंधरा वर्षं तो ओट्यावरच बसला. घरात कधी आला नाही आणि पाणी प्यायचा ते आपल्या बाटलीतलं. बाबा हसून सोडून द्यायचे. दीक्षानं कधी सोडलं नव्हतं.

"बाईंनी तुमाले किती पत्रं दिली?"

"एक्केचाळीस. सगळी सरांच्या स्वतःच्या हातची. मी प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं नंबर टाकला, नीट वाचली, परत केली." तो पुढं झुकला. "पण ताई, एक सांगू? बाईंनी सगळी दिली नाहीत. पंच्याण्णव ते दोन हजार, दर वर्षी जुलै संपत आला की पत्रं बंद. थेट दिवाळीच्या सुमाराला सुरू. सहा वर्षं, सहा भोकं! मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी लपवलंय. हे सप्टेंबरचं पत्र त्याच भोकातलं."

"मंग ते सुधाकररावांकडे कोनी धाडलं?"

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण एकटी राहिलेली बाई, तीस वर्षं पत्रांवर काढली. सर गेले तर शेवटच्या दर्शनालासुद्धा कुणी बोलावलं नाही. मनात काय साचलं असेल कोण जाणे." त्यानं सुस्कारा सोडला. "माझं ऐकाल तर हा विषय वाढवू नका. सरांचं जे उरलंय तेवढं तरी राहू द्या."

निघताना त्यानं स्वतःचा कवितासंग्रह तिच्या हातात ठेवला, सही करून. दीक्षानं तो पिशवीत टाकला. तिच्या डोक्यात आता एकच नाव घुमत होतं, सुनयनाबाई. ही बाई कशी दिसते तेही तिला माहीत नव्हतं, पण तिच्या झिंज्या उपटायला तिचे हात शिवशिवत होते.

४

भैंस्याला जायला दोन बस बदलाव्या लागल्या. सुनयनाबाई निघाल्या सत्तरीतल्या, ठेंगण्या, निवृत्त शिक्षिका. दार उघडून त्यांनी दीक्षाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कपाळ भिवाजीचं घेतलंस. ये."

दीक्षा उंबऱ्यातच उभी राहिली. "तुमी पत्रं लपवली काय?"

"हो."

इतकं सरळ उत्तर आल्यावर भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होते.

"तसलं वही चोरल्याचं पत्र मला कधी आलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मी म्हणून कोण ऐकणार? म्हणतील, झाकतेय. आम्ही दोघं ट्रेनिंग कॉलेजला एका वर्गात होतो. त्याला वाचलेलं कुणाला तरी सांगावं लागे आणि मला ऐकायला आवडे. एवढंच होतं, आणि ते काही थोडं नव्हतं."

त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि दोन गठ्ठे बाहेर काढले. एक जाड, लाल नंबरांचा. दुसरा पातळ, जुन्या साडीच्या काठानं बांधलेला. "यातलं एकही राजकुमारला दाखवलं नाही. मी शब्द दिला होता."

दीक्षानं गाठ सोडली आणि पहिलंच पत्र उजेडाकडे धरलं. पत्रं बाबांची होती, खाली नाव बाबांचं होतं, पण अक्षर बाबांचं नव्हतं. गोल, मोठं, सावकाश काढलेलं. बाईचं अक्षर. तारखा ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पंच्याण्णवपासून दोन हजारपर्यंत.

"हे कोनाचं अक्षर? आनखी कोन व्हती?"

"ते मी सांगणार नाही. दोन्ही गठ्ठे घेऊन जा, वाच आणि घरी जाऊन विचार."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून दीक्षानं जाड गठ्ठा वाचायला घेतला, आणि तिला एक अनोळखी माणूस भेटला. करड्या कवितेचा हा कवी बसस्टँडवरच्या भडक प्रेमकादंबऱ्या तेलुगू पेपरच्या कव्हरात लपवून वाचायचा आणि हमसून रडायचा. भज्यांचा कागद वाचून झाल्याशिवाय भजी खायचा नाही. खताच्या पोत्यावरचा मजकूर दोनदा वाचायचा. 'कवितेचं पुस्तक मी शेवटून वाचतो. शेवटाकडे कवी थकलेला असतो आणि थकलेला माणूस खोटं बोलत नाही.' हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं आणि आपल्याला नाही, या विचारानं दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं होतं तितकंच मत्सराचंही होतं.

नऊ नंबरचं पत्र जून शहाण्णवचं होतं. ते वाचून तिनं बाजूला काढून ठेवलं. मग अडतीस नंबरचं आलं आणि ती ताठ बसली.

'राजकुमारचा संग्रह आला. शेवटची पाच पानं वाचली, त्यापलीकडे जाववलं नाही. आता झोप येत नसली की तो उघडतो. औषध गुणाचं आहे. तोंडावर "लिहीत राहा" म्हणतो, कारण तो दर रविवारी येतो आणि त्याचा हिरमोड करायला जीव होत नाही. पण सुनयना, हा मुलगा दुसऱ्याचं काही वाचतच नाही.'

पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं नंबर टाकला होता. बाकीच्या चाळीस पत्रांवर तो नंबर हलका होता. इथं पेन्सिलीचं टोक कागदात घुसून भोक पडलं होतं.

राजकुमारला कारण होतं हे आता दीक्षाला कळलं. पण कारण म्हणजे पुरावा नव्हे, हे कचेरीत बसणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. तिनं पातळ गठ्ठा उघडला. दुसऱ्याच पत्रात तिला अशी एक गोष्ट सापडली की तलमडुगुचा फाटा मागं गेला तरी ती उतरायची विसरली.

५

माय ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. दीक्षानं पातळ गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. "हे कोनाचं अक्षर?"

मायनं सूप खाली ठेवलं नाही. "माह्यं."

"तुले लिहिता येते?"

"तू पाचवीत हॉस्टेलले गेली. घर रिकामं झालं. तुह्या बाबानं म्हणलं, बस, शिकवतो. त्याच वर्सी शिकली."

"आन् राशनवर, ब्यांकेत अंगठा काऊन लावते मंग?"

"अंगठेवालीले चार मानसं बसून कागद वाचून दाखवतेत. दस्तखतवालीले कोनी वाचून दाखवत नाही, नुसता पुढं सरकवतेत. तुह्या मोठ्या आईचं वावर तसंच गेलं, झोकात दस्तखत करून." मायनं खडा निवडून फेकला. "म्हणून म्या म्हणलं, कोनाले सांगू नका. त्यायनं नाही सांगतलं. बाईले बी शपथ घातली."

म्हणजे गावानं जिला बिचारी ठरवलं होतं तिला नवऱ्याच्या मैत्रिणीबद्दल सगळं ठाऊक होतं. निम्मी मैत्री तिच्याच हातची होती. दीक्षा मायसमोर बसली. "मंग त्या दिवशी मांडवात बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? त्यायनं वही चोरली नाही हे मले मालूम, पर माह्या बोलण्याले कोन पुसते? आन् तू आठ दिवस तो कागद पिशवीत घेऊन फिरून राह्यली. मले दाखवला एकदा तरी?"

तुला वाचता येत नाही म्हणून दाखवला नाही, हे तोंडातून काढायची तिला लाज वाटली. तिनं गुपचूप छापलेला कागद पुढं केला.

मायनं हात पुसले, कागद घेतला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. वाचून झाल्यावर बोट परत वर गेलं, तारखेवर. आणि वर्षभरात पहिल्यांदा माय हसली. ते हसणं काही चांगलं नव्हतं. पाखडलेल्या ज्वारीत उंदीर सापडल्यावर बाई जशी हसते तसं होतं.

"हे ज्यानं लिहिलं ना दीक्षा," माय म्हणाली, "तो कदी विहारात आला नाही."

६

दीक्षानं सुधाकररावांना निरोप धाडला: गुरुजींच्या पत्रांचं जाहीर वाचन ठेवा, मूळ कागद घेऊन या, जे खरं निघेल ते आम्ही सर्वांसमोर कबूल करू. सुधाकरराव एका पायावर तयार झाले. पुढच्या रविवारी दुपारी तोच मांडव, तीच माणसं, आणि पाटीवर तेच कापड. या खेपेला सुनयनाबाईही आल्या होत्या, आणि त्या रुख्मिणीच्या शेजारी बसल्या हे पाहून अर्ध्या मांडवाची कुजबुज तिथंच आटली.

"संपादक राजकुमार सर आहेत," दीक्षा माइकवर म्हणाली. "पत्रं त्यायनंच वाचावी."

राजकुमार उठला. त्याला माइक आवडायचा. दीक्षानं पहिला कागद दिला. त्यानं तो पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे सरांचं अक्षर नाही."

"नाही ना? सगळ्यायले सांगा."

"हे पत्र सरांच्या हातचं नाही," तो मांडवाला म्हणाला. "सरांचं अक्षर मी झोपेतही ओळखतो."

"बरं झालं तुमीच सांगतलं. आता वाचा. तारखेपासून."

त्यानं वाचायला सुरुवात केली. "'अठ्ठावीस ऑगस्ट एकोणीसशे शहाण्णव. सुनयना, अक्षर पाहून याही वर्षी हसू नकोस. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी मी ग्रंथ वाचतो. या तीन महिन्यांत दुसरं अक्षर वाचायचं नाही असं ठरवलं आहे. पण मी पडलो हावरट, भज्यांचा कागदही सोडत नाही. म्हणून...'" राजकुमारनं पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि कागद खाली घेतला.

"वाचा," सुधाकरराव गुरगुरले.

"'म्हणून माझा एकुलता एक चष्मा मी ग्रंथाच्या पेटीतच ठेवून येतो. पेटीला कुलूप, किल्ली कौतिकाबाईकडे. चष्म्याविना मला जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. शाळेत धडे पोरांकडून वाचून घेतो, पण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत घरी मी आंधळा. ना वाचता येत ना लिहिता. मी बोलतो आणि दुसरं कुणी लिहितं...'"

मागून काठी टेकत एक म्हातारी उभी राहिली. कौतिकाबाई, विहाराची राखण करणारी, ऐंशीच्या घरातली. "व्हय बाप्पा. किल्ली माह्या कमरेले राहे. सा वर्सं असंच चाललं. ग्रंथ झाला की चष्मा पेटीत, आन् गुरुजी अंधारात माह्या नातीचं बोट धरून घरी. साऱ्या वस्तीनं पाह्यलं हाय ते. मंग दुसऱ्यानं ग्रंथवाचन घेतलं तवा सुटलं."

वस्तीतल्या माना पटापट हलल्या. दीक्षा सुधाकररावांकडे वळली. "आता तुमच्या कागदावरची तारीख वाचा."

सुधाकररावांनी चष्मा सावरला. "तीन सप्टेंबर शहाण्णव," ते म्हणाले, आणि कागदाकडे पाहतच राहिले.

"म्हणजे या पत्राच्या सहा दिवसांनी. चष्मा पेटीत, आन् बाबा घरात बसून चार दिवस वही वाचून राह्यले, अन् वर रेघेवर नीट पत्र लिहून राह्यले? हे पत्र खोटं हाय. आता कोनाचं, ते आयका. बाबा पुस्तक शेवटून वाचत हे मले बी मालूम नव्हतं. त्यायनं ते फक्त सुनयनाबाईले लिहिलं. म्हणजे खोटं पत्र लिहिणाऱ्यानं बाईंची पत्रं वाचली हायेत. ती वाचली दोघांनी, स्वतः बाई आन् राजकुमार सर. बाईंपाशी ही पावसाळ्यातली पत्रं पंच्याण्णवपासून हायेत. बाई सप्टेंबरची तारीख टाकतीनच कशाले? पर ज्याले ही पत्रं दाखवलीच नाहीत, त्याले त्या महिन्यांत काय दिसलं? भोक. सर, तुमीच म्हणाले मले, सहा वर्सं, सहा भोकं. मोकळी जागा पाहून तुमी आपलं पत्र तिथं घातलं."

"हा अंदाज आहे!" राजकुमारचा आवाज चिरकला. "मी सरांचा शिष्य, मी कशाला..."

दीक्षानं दुसरा कागद पुढं केला. अडतीस नंबरचा. "याचं उत्तर याच्यात हाय. अक्षर बाबांचं हाय, तुमी झोपेतही ओळखता. वाचा."

त्यानं कागद हातात घेतला नाही. मग दीक्षानं स्वतः वाचला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. 'औषध गुणाचं आहे' या ओळीला मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. दीक्षानं ते थांबवलं नाही. खरं सांगायचं तर ती वाट पाहत थांबली, हसू पुरतं होईपर्यंत.

"पंधरा वर्षं!" राजकुमार ओरडला. "पंधरा वर्षं तोंडावर छान-छान म्हणाले! दर रविवारी जायचो मी! आणि पाठीमागं त्या बाईपाशी माझी टिंगल! मग मी काय करायचं होतं?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. तो खाली बसायला गेला, तर शेजारच्यानं खुर्ची ओढून घेतली. तो उभाच राहिला, मान खाली घालून. दीक्षाला हवा होता तसा, तिथंच.

"पंधरा वर्सं तुमी आमच्या ओट्यावर बसले," ती म्हणाली. "पावसाळ्यात एका संध्याकाळी जरी पन्नास पावलं चालून विहारात आले असते, तर कोनीबी तुमाले चष्म्याची गोष्ट हसून सांगतली असती. मंग ही चूक झाली नसती. ओट्याच्या आत यायची तुमाले कदी गरज वाटली नाही."

सुधाकरराव बसल्या जागी खचले होते. दीक्षाच्या मनात त्यांच्यासाठीही चार कडू शब्द तयार होते. पण तिनं नऊ नंबरचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे मनात वाचलं तरी चालन."

ते त्यांनी मनात वाचलं नाही, मोठ्यानं वाचलं. "'देवाजी गेला. मी त्याची वही उतरून घ्यायला मागणार होतो, तेवढ्यात त्याच्या आईनं ती गुपचूप त्याच्या उशाशी ठेवली, चितेवर. म्हणाली, त्याचं त्याच्यासंगं जाऊ द्या. मला अडवायचा धीर झाला नाही. चांगल्या कविता होत्या, सुनयना, माझ्याहून चांगल्या झाल्या असत्या.'" सुधाकररावांनी कागद डोळ्यांना लावला. तो खाली घेऊन ते राजकुमारकडे वळले. "हे बी तुवं वाचलं व्हतं. वही जळाली हे तुले मालूम, म्हणून तिचं नाव घेतलं. माह्या मेलेल्या भावाच्या आडून वार केला तुवं."

मग ते मंचावरून खाली उतरले, रुख्मिणीपुढं हात जोडून वाकले आणि दारावरच्या पाटीचं कापड त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढलं. टाळ्या वाजल्या. राजकुमार मांडवाच्या मागच्या बाजूनं निघाला होता, तेवढ्यात रुख्मिणी उठली.

"थांब," ती म्हणाली. "दीक्षा, त्याचं पुस्तक हाय ना तुह्या पिशवीत? दे मले." पुस्तक हातात घेऊन तिनं राजकुमारला नीट दाखवलं. "आमच्या यायनं पाच पानं वाचली. हा अन्याव झाला. मी सारं वाचन, पहिल्या पानापासून. मंग कळवतो तुले."

राजकुमारनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर, इतकं सगळं होऊनसुद्धा, एक क्षणभर आशा आली. दीक्षाला मायचा राग आला. असल्या माणसावर कसली दया करते ही?

माय मात्र रोज दुपारी ओसरीवर बसून ते पुस्तक वाचत राहिली, बोट ठेवून, एक पान सोडलं नाही. पंधरा दिवस लागले. मग तिनं दीक्षाकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं आणि गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं:

'राजकुमार, तुमचं पुस्तक पूर्ण वाचलं. आमच्या यायचं बरोबर होतं. रुख्मिणी.'

"पाकिटात घालून देऊ काय?" दीक्षानं विचारलं.

"नको," माय म्हणाली. "शाळेच्या पत्त्यावर टाक. कार्ड उघडं असते."